सरळ केलेली नळी

मी लिहायला बसलोय याची आधी माफी मागतो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझं मराठी झाशीचं, अर्धं हिंदीत कालवलेलं. पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बाबांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. ते टहरौलीला लग्नाला गेलेले असताना मऊरानीपुरची एक मुलगी आपली एकनळी बंदूक घेऊन आली. उडत्या तबकड्यांवर नेमबाजीची तिची निवड चाचणी चार दिवसांवर होती. "भैया, ट्रिगर अटकता है, बस."

चाप मी साफ केला. मग नळी उतरवून तिच्यातून खिडकीकडे पाहिलं. नळी सरळ असेल तर खिडकीच्या कडेची सावली आत सरळ रेषेत पडते. इथे रेषा मधेच वाकलेली! खरा दोष आपल्यालाच सापडला म्हणून मला कोण आनंद झाला. नळी दोन ठोकळ्यांवर ठेवून मी मधोमध भार देत राहिलो, सावली दोरीसारखी ताठ होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी शूटिंग रेंजवर तिने चाळीस पावलांवरून पांढऱ्या कापडावर बार काढला. छर्रे वीतभर डावीकडे. तिन्ही वेळा तेच.

"ये मेरी बंदूक ही नहीं है," ती रडवेली झाली.

मी फोन केला, आणि दुपारच्या बसने बाबा थेट रेंजवर आले. नळीतून बघून म्हणाले, "सरळ कुणी केली?"

"मी."

"वा, प्रोफेसरसाहेब! नळी सरळ असून काय करायची? छर्रे सरळ जायला नकोत? ही बसवलेलीच तिरपी होती. म्हणून तो बाक मी घातला होता, हिच्या आजोबांसमोर."

"परत घालता येईल?"

"दोनदाच. तिसऱ्यांदा दाबली तर चुणी पडून नळी बाद."

रेंजवरच दोन ठोकळे मांडून बाबांनी भार दिला. बार. चार बोटं डावीकडेच.

"चाचाजी, रहने दीजिए," ती घाबरून म्हणाली.

"बेटा, एक बार और." मग माझ्याकडे वळून, "ये, हात लाव. कुठे थांबायचं ते हाताला कळू दे."

दोघांनी मिळून दाबलं. बाबांनी माझं मनगट धरलं, "बस!" तिने बार काढला आणि आम्ही तिघेही कापडाकडे पळत सुटलो. छर्रे बरोबर मधोमध! मी एवढ्या जोरात ओरडलो की रेंजवरचे सगळे वळून बघू लागले.

चाचणीच्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी लेक्चरला बसलो, पण वहीत एक अक्षर उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात फोन वाजला. "भैया, पच्चीस में बाईस! लिस्ट में नाम आ गया!"