फलाट क्रमांक दोनवरचा हत्ती

माझ्या नातीने दहाव्या महिन्यातच पहिलं पुस्तक संपवलं. कव्हरासकट.

पुढची दोनही तिने तितक्याच आवडीने संपवली असती, पण तोवर मी सावध झाले होते. शिवाय डॉक्टर म्हणाले, "वाचनाची गोडी चांगली आहे, फक्त शाई जरा बेताने." (डॉक्टरांना असे विनोद सुचतात, कारण दुसऱ्या दिवशीचे लंगोट त्यांना धुवावे लागत नाहीत!)

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. वसमत आणि आजूबाजूच्या गावांतल्या आयांना 'लेकराला मांडीवर घ्या, रोज काहीतरी वाचून दाखवा' हे सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. आया माना डोलावतात, मी वहीत खूण करते आणि पुढच्या गावाला जाते. माझी लेक प्रणाली पुण्याहून नातीला, म्हणजे मैत्रीला, घेऊन काही महिन्यांसाठी माहेरी आली, तेव्हा मी त्याच शिस्तीने यादी करून फ्रिजवर चिकटवली. तेल, आंघोळ, वरणभात, झोप, वाचन. प्रत्येक कामापुढे खूण करायला जागा.

बाकी सगळ्यांपुढे खुणा पडल्या. 'वाचन'पुढे लाळ पडली.

मैत्रीला मांडीवर धरणं म्हणजे अंगाच्या साबणाची ओली वडी धरण्यासारखं. जितकं घट्ट धरावं तितकी लांब जाते. मी पुस्तक उघडलं. 'एक' म्हणेपर्यंत ती मांडीवर होती. 'होता' म्हणेपर्यंत माझ्या खांद्यावर. आणि 'हत्ती' आला तेव्हा ती पलंगाखाली होती, माझा चष्मा तोंडात धरून!

"आई, तिला रांगायचं आहे. राहू दे ना," प्रणाली म्हणाली.

"रांगण्याची वेळ साडेपाचची आहे," मी यादीकडे बोट दाखवलं. "आत्ता वाचनाची आहे."

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. ते चार भिंतींबाहेर गेलं ते माझ्या तोंडामुळे.

आमच्या बुद्धविहारात पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. पांढऱ्या साड्या नेसून आम्ही बायका जमतो, एकजण वाचते, बाकीच्या ऐकतात. त्या दिवशी वाचन झाल्यावर शेजारच्या कमलबाईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो मॅडम, तुमी लोकायच्या लेकराला वाचून दाखवा म्हणता. तुमची नात बसती का ऐकायला?"

'न्हाई' एवढा एकच शब्द पुरला असता. मी म्हणाले, "बसती म्हणजे? मांडीवर बसून पानं मोजती!"

"व्हय का?" कमलबाईंचे डोळे चमकले. "मंग समारोपाच्या दिवशी दाखवा की. ग्रंथवाचन झालं की खिरीच्या आधी धा मिन्टं तुमची. तुमच्या अंगणवाडीच्या बायांनाबी बोलवा. त्यायलाबी कळंल, कसं वाचावं ते."

"बोलावते की!" मी म्हणाले. (हे मीच म्हणाले. प्रणाली साक्षीदार आहे आणि ती अजून विसरू देत नाही.)

घरी आल्या आल्या मी फ्रिजवरच्या यादीपुढे जाऊन उभी राहिले. प्रणाली म्हणाली, "सांगून टाक ना, लेकरू बसत नाही म्हणून. त्यात काय एवढं?"

"त्यात काय? पर्यवेक्षिकेचीच नात बसत नाही हे कळालं, तर उद्यापासून एक तरी आई माझं ऐकेल का?"

मग मी कामाला लागले. पुस्तक खाल्लं जातं, तर न खाता येणारं पुस्तक करायचं. मी हत्तीच्या गोष्टीची पानं सुटी केली आणि झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन आणि बाइंडिंगला नेली. दुकानदाराने खालमानेनेच विचारलं, "आधार कार्ड का मार्कशीट?"

"हत्ती," मी म्हणाले.

त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि मशीन सुरू केलं.

लॅमिनेशन फारच पक्कं झालं. आता ते पुस्तक फाटत नव्हतं, चावता येत नव्हतं आणि उचलून कपाळावर आपटलं तर ठण्ण आवाज करत होतं. कपाळ माझं! मैत्रीला हा शोध इतका आवडला, की पुस्तक दिसताच ती हर्षाने किंचाळून माझ्याकडे झेपावू लागली. "बघ," मी टेंगूळ चोळत प्रणालीला म्हणाले, "वाचनाची आवड लागतेय."

समारोपाला आठवडा राहिला असताना मी एका दुपारी कामावरून घरी आले, तर घर एकदम शांत. ज्या घरात रांगतं लेकरू आहे तिथली शांतता चांगली नसते. मी चपला न काढता आत धावले.

माझे मिस्टर सतरंजीवर उताणे पडले होते. त्यांच्या पोटावर मैत्री बसली होती. बसली होती! हात मांडीवर, तोंड उघडं, पापणीसुद्धा हलत नव्हती. एका हातात माझं लॅमिनेशनचं पुस्तक धरून, दुसऱ्या हाताची मूठ तोंडापुढे धरून हे नाकातून बोलत होते, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. सेनगावहून येणारा, औंढामार्गे तळ्याकडे जाणारा हत्ती, फलाट क्रमांक दोनवर लागलेला आहे. हत्ती फलाट क्रमांक दोनवर."

सांगायचं राहिलं. हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आख्खी नोकरी यांनी बसस्टँडवरच्या खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारल्या. निवृत्त झाले तेव्हा खिडकी सुटली, आवाज सुटला नाही.

पान संपलं. ह्यांनी कंडक्टरसारखी वरची एक न दिसणारी दोरी दोनदा ओढली. "टिंग टिंग!" मग पान उलटलं. मैत्री खदखदून हसली आणि पुन्हा कान देऊन बसली.

"ही काय वाचायची रीत झाली?" मी दारातूनच कडाडले.

"मजकूर तुमचाच हाय मॅडम," हे शांतपणे म्हणाले. "मी फकस्त पुकारून राहिलो."

"लेकराच्या कानावर चांगली भाषा पडली पाहिजे! उद्या ती शाळेत 'उपस्थित' म्हणायच्या ऐवजी 'फलाटावर लागली आहे' म्हणेल."

"म्हणू द्या की. पण टायमावर लागंल."

मी पुस्तक हिसकावून घेतलं, मैत्रीला मांडीवर घेतलं आणि माझ्या मधाळ, आरोह-अवरोहाच्या आवाजात सुरू केलं, "एक होता हत्ती..."

ठण्ण!

समारोपाचा दिवस उजाडला. मी सगळी तयारी चोख केली होती. मैत्रीची झोप झालेली, पोट भरलेलं, पांढरा फ्रॉक, खिशात जादा रुमाल, जादा लंगोट, जादा चष्मा. विहार गच्च भरला होता. माझ्या अंगणवाड्यांच्या बाया लेकरं घेऊन पहिल्या रांगेत. खिरीचं पातेलं झाकून कोपऱ्यात. बाहेर रस्त्यावरच्यांनाही ऐकू जावं म्हणून कर्णा लावलेला. कमलबाईंची मावशी गयाबाई जवळा बाजारहून मुद्दाम आलेली. ती मांडीवर पिशवी आवळून बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "माय, माही शेवटची गाडी चुकू देऊ नका बरं."

ग्रंथवाचन छान झालं. शेवटची प्रार्थना, सरणत्तय, झाली. मग कमलबाईंनी माइक माझ्यापुढे सरकवला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "आता मॅडम आपल्याला दाखवतेत, लेकरू कसं शांत बसून ऐकतं ते."

मी मैत्रीला मांडीवर घेतलं. ती बसली. मी सभेकडे पाहून हसले. "एक होता..."

तिने माझा पदर ओढला. पिन निघाली. मी डाव्या हाताने पदर धरला, तेवढ्यात ती उजवीकडून निसटली. मी उजव्या हाताने फ्रॉक पकडला, तर तिने माइकची वायर तोंडात घातली. कर्ण्यातून सगळ्या वस्तीला चप्चप् असा आवाज ऐकू गेला.

"वाचून राहिले का कुस्ती खेळून राहिले, मॅडम?" कमलबाईंनी विचारलं. पहिल्या रांगेतल्या बाया पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या.

"हत्तीला लागली होती तहान!" मी आवाज चढवला. मैत्री मांडीवरून उतरली. "तो गेला तळ्यावर!" मैत्री निघाली पातेल्यावर. सुसाट! रांगणाऱ्या लेकराला एवढा वेग कुठून येतो, हे खात्याच्या एकाही प्रशिक्षणात सांगत नाहीत.

मी पुरुषांच्या बाजूला पाहिलं. हे भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मूठ तोंडापुढे धरली आणि भुवया वर केल्या.

मी मान हलवून नाही म्हटलं.

मैत्रीने पातेल्याच्या झाकणाला हात घातला.

माझी सगळी नोकरी माझ्या डोळ्यांपुढून सरकून गेली. गावोगाव मी सांगतेय, 'वाचून दाखवा', आणि बाया म्हणताहेत, 'तुमच्या नातीवानी का?' मी डोळे मिटले, मूठ वळली, नाक आवळलं.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे!"

मैत्री जागच्या जागी थांबली. झाकणावरचा हात तसाच. मग तिने मान वळवली.

"सेनगावहून येणारा, जवळा बाजारमार्गे तळ्याकडे जाणारा हत्ती, फलाट क्रमांक दोनवर लागलेला आहे!" (औंढ्याऐवजी मी जवळा बाजार का म्हणाले, ते मलाच माहीत नाही. घाबरलेल्या माणसाचा मार्ग बदलतो.)

मैत्री वळली. रांगत, धापा टाकत परत आली, माझ्या मांडीवर चढली, हात जुळवून बसली आणि तोंड उघडून माझ्याकडे बघायला लागली. विहारात सुई पडली असती तर ऐकू आली असती.

सुई नाही पडली. गयाबाई उठली.

"अगं माय! माही गाडी लागली!" तिने पिशवी काखेत मारली. "चल गं शांते, ऊठ! दोन नंबरला लागली!"

तिच्याबरोबर जवळा बाजारच्या आणखी दोघी उठल्या. त्या उठल्या म्हणून मागची रांग उठली. दारातले लोक आत बघायला लागले. बाहेर रस्त्यावर बॅगा घेऊन स्टँडकडे निघालेलं एक जोडपं कर्ण्याचा आवाज ऐकून थेट दारात आलं आणि त्यातला माणूस विचारता झाला, "ताई, परभणीची कधी लागंल?"

मी थांबू शकत नव्हते. थांबले असते तर मैत्री गेली असती पातेल्यात! मी त्याच आवाजात, त्याच नाकातून पुढे वाचत गेले, "गयाबाई यांनी कृपया खाली बसावे. ही गाडी नाही, हत्ती आहे. परभणीच्या प्रवाशांनी चौकशी खिडकीशी संपर्क साधावा. खिडकी भिंतीला टेकून बसलेली आहे."

ह्यांनी बसल्या जागेवरून हात वर केला. "परभणी सव्वासातला," हे म्हणाले. "आन् गयामावशी, तुमची पावणेआठला. निवांत खीर खाऊन जा."

गयाबाई बसली. सगळे बसले. परभणीचं जोडपंसुद्धा बसलं, कारण हत्तीचं पुढे काय झालं हे त्यांना ऐकायचं होतं. मी शेवटपर्यंत वाचलं. हत्ती तळ्यावर पोचला (नियोजित वेळेपेक्षा थोडा उशिरा), पाणी प्याला, पिल्लाला आंघोळ घातली. एवढा वेळ मैत्री हलली नाही. पहिल्या रांगेतली लेकरंही हलली नाहीत. इतकंच काय, कमलबाईही हलल्या नाहीत!

शेवटचं पान आलं. मी वाचायची थांबले. आता काय करायचं ते मला आठवेना. तेव्हा मैत्रीने हात वर केला, माझ्या गळ्यातली माळ धरली आणि दोनदा ओढली.

"टीं टीं!"

"आई!" प्रणाली मागून ओरडली. "बोलली! मैत्री बोलली!"

नात पहिल्यांदा बोलली ती भरल्या विहारात, माइकवर, मी वाचलेल्या पुस्तकावर! असल्या प्रसंगी काय करावं याची मी यादी केलेली नव्हती, म्हणून मी रडले. कर्णा चालूच होता. तेही वस्तीने ऐकलं.

कमलबाईंनी खिरीची पहिली वाटी माझ्या हातात दिली. "बसलं बा तुमचं लेकरू," त्या म्हणाल्या. "पण मॅडम, एक विचारू? माझ्या नातवाला वाचताना कोणती गाडी पुकारू?"

आता आमच्या अंगणवाड्यांत आया लेकरांना रोज वाचून दाखवतात. कुठे ससा नांदेडला निघालेला असतो, कुठे चिमणी विनावाहक असते. मी वहीत खुणा करते आणि गंभीर चेहऱ्याने पुढच्या गावाला जाते.

मागच्या महिन्यात प्रणाली पुण्याला परत निघाली. मैत्रीला मांडीवर घेऊन आम्ही सगळे स्टँडवर बसलो. माझ्या यादीप्रमाणे सगळं बरोबर होतं: पाणी, पोळी-भाजी, लंगोट, पुस्तक. तेवढ्यात कर्णा वाजला. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे..." मैत्री ताठ बसली. तोंड उघडलं, हात जुळवले. इतकी शहाणी नात अख्ख्या स्टँडवर दुसरी नव्हती! मी अभिमानाने तिच्याकडे बघत राहिले, हे माझ्याकडे बघत राहिले, आणि आता हत्ती कधी येतो याची आम्ही चौघंही मनापासून वाट पाहत असताना पुण्याची गाडी आमच्यासमोरून निघून गेली.