आखूड बाही

गल्लीतल्या शिंप्याचा न्याय सोपा होता. कपडा अंगात चपखल बसला की "बघा, हात कुणाचा आहे!" आणि बिघडला की "देवाची इच्छा!"

चर्चच्या पाळकांचा नवा झगाही त्यानेच शिवला. शनिवारी पाळकांनी तो दुकानातच घालून पाहिला, तर उजवी बाही कोपराशीच संपली.

"प्रभूची योजना, पाळकसाहेब," शिंपी डोळे मिटून म्हणाला. "त्याच्या इच्छेवाचून पानही हलत नाही, तुम्हीच सांगता ना!"

"पान नाही, कात्री हलली," आतून त्याची बायको कडाडली, "आणि तेव्हा तुमचे डोळे होते समोरच्या खिडकीत!"

पाळक म्हणाले, "बायबलातल्या योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकलं, त्यातूनही देवानं भलंच केलं. म्हणून भावांचं पाप काही पुण्य झालं नाही. चूक कबूल कर, नाहीतर चर्चचे झगे दुसरीकडे जातील."

मान खाली घालून शिंपी कसाबसा पुटपुटला, "चुकलो."

पाळकांनी आखूड बाहीचा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "हा पश्चात्तापसुद्धा देवाचीच कृपा बरं का."

"छे, छे!" शिंपी ताठ झाला. "हा मात्र माझा मी केला!"