नाकाखालचं मलम

स्वयंपाकाची पाळी असेल त्या दिवशी घरातून निघताना नेलिदा नाकाखाली सर्दीचं मलम चांगलं बोटभर चोळायची. त्याशिवाय तिला त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकवत नसे.

लिमा शहराच्या त्या उजाड टेकडीवर साठ घरांची चूल एकच होती. पत्र्याची खोली, गॅसच्या दोन मोठ्या शेगड्या, टँकरच्या पाण्याची निळी पिंपं. प्रत्येक घरातल्या एकीनं आठवड्यातून एक दिवस राबायचं, तरच त्या घराला ताट. नेलिदा पूर्वी खाली शहरात अत्तराच्या दुकानात होती. दुकान बंद पडलं, भाडं झेपेना, आणि ती वर आली. तीन महिने झाले तरी कोंबडीचे पाय सोलताना तिच्या अंगावर काटा यायचा. बादलीतलं, शिजवायला आणलेलं कोंबडीचं थुलथुलणारं गोठलेलं रक्त तर तिला बघवत नसे.

"पायच आहेत गं ते," अठ्ठ्याहत्तर वर्षांची सेनोबियाआजी म्हणायची. "तुझ्या नवऱ्याच्या पायांपेक्षा स्वच्छ."

"नवऱ्याचे सोलता येत नाहीत, एवढाच फरक," तेओदोराआजी भर घालायची, आणि दोघी बोळक्या तोंडानं हसायच्या.

एक नियम मात्र म्हाताऱ्यांनी कधी मोडू दिला नव्हता. पूर्वी कधीतरी खराब मासळीनं चार घरं अंथरुणाला खिळली होती, तेव्हापासूनचा. जिच्याकडे मुख्य स्वयंपाकाची पाळी, तिनं रांगेसमोर उभं राहून पहिलं ताट संपवायचं. मगच वाढप.

त्या बुधवारी मुख्य पाळी प्रथमच नेलिदाकडे आली. सकाळी धुक्यातून एक गाडी वर चढली. निवडणुकीला उभ्या असलेल्या कुणाचा तरी रोमुलो नावाचा माणूस कोंबडीची बारा खोकी आणि तांदळाची सहा पोती घेऊन आला होता. कोंबडी कापलेली, पांढऱ्या पिशव्यांत बंद. पाय नाहीत, आतडी नाहीत. नेलिदाला हायसं वाटलं. माल उत्तम स्थितीत मिळाला, अशा कागदावर तिनं सही केली आणि पिशवी हातात धरून फोटोसाठी हसली.

सेनोबियाआजीनं एक पिशवी फाडली, पंखाखाली बोट घातलं. बोट बुळबुळीत होऊन बाहेर आलं.

"मलम पूस."

"कशाला?"

"पूस म्हणते ना!" आजीनं स्वतःच्याच एप्रनच्या टोकानं तिचं नाक खसाखसा पुसलं. "आता नाक आत घाल. वरवर नाही, सांध्यात."

वर व्हिनेगरचा वास होता. त्याच्या खाली दुसरा, कुजका. नेलिदा धावत पिंपामागे गेली आणि भडभडून ओकली.

"आजी, मी सही करून बसले."

"सही हातानं केलीस. खायचंय तोंडानं." आजीनं तिला पाण्याचा पेला दिला. "किळस वाईट नसते, पोरी. तू ती सकाळीच मारून येतेस, मग कामाच्या वेळी कुठून मिळणार?"

बाहेर रोमुलो रांगेचे फोटो काढत होता. नेलिदानं फाडलेली पिशवी त्याच्या नाकासमोर धरली. "फ्रीझरचा वास आहे तो, बाई. उकळला की जातो. आणि सही तुमचीच आहे. तांदूळही आमचाच आहे, विसरू नका."

साठ घरांची माणसं डबे घेऊन उभी होती. तांदूळ गेला तर आज पातेल्यात काय, हे नेलिदाला कळत होतं.

"बरं, शिजवते," ती म्हणाली. "इथं पहिलं ताट माझं असतं. आज शेजारी उभे राहा, साहेब. अर्धं तुम्ही, अर्धं मी."

"मला... अल्सर आहे."

"आत्ताच झाला का हो?" तेओदोराआजीनं विचारलं. रांग खदखदून हसली.

रोमुलो हसला नाही. त्यानं सहाच्या सहा पोती गाडीत परत चढवली. नासकी खोकी मात्र तिथंच ठेवून गेला. फोटोही त्याच्याकडेच राहिला.

स्वयंपाकघरात बटाटे आणि कांदे होते. तेओदोराआजी बाजारात उतरली आणि कोंबडीवाल्यांकडून त्याच सकाळचं रक्त बादलीभर घेऊन आली. नेलिदानं ते उकळलं, कुस्करलं, कांदा, मिरची आणि पुदिन्यावर परतलं. वास चुकवता येत नव्हता. जेवायला दीड वाजला.

रांगेसमोर ती ताट घेऊन उभी राहिली. पहिला घास न चावताच गिळला. तोंड वाकडं झालं.

"तोंड नीट कर," सेनोबियाआजी मागून पुटपुटली. "लोकांना वाटेल, खराब आहे."

"खराब नाही. घाण लागतंय."

"लागू दे. वास घेतलास?"

"घेतला."

"मग खा."

नेलिदानं बटाट्याबरोबर सगळं संपवलं, ताट उलटं करून रांगेला दाखवलं आणि वाढायला डाव हातात घेतला.