आर्डिसचा रस्ता चुकला तेव्हा

आर्डिस टोलेफसनने नॉर्थ डकोटात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, तीही मागे चाळीस पोरं बोंबलत असताना. त्यामुळे त्र्याहत्तराव्या वर्षी समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत घुसायला लागले, तेव्हा तिने दोष दिव्यांनाच दिला.

"अरे मेल्या, दिवा खाली कर! शेत नांगरायला निघालायस का?"

दर गुरुवारी ती वीस मैलांवर पत्ते खेळायला जाई. हिवाळ्यात पाचलाच अंधार पडायचा. शेजारी मैत्रीण व्हर्ना, सीट घट्ट धरून.

"डोळे मिटून चालवतेयस का गं?"

"एकच मिटलाय. दुसरा उघडा आहे ना!"

समोरून उजेड आला की आर्डिस उजव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवायची. जानेवारीत एका गुरुवारी एक भलामोठा ट्रक आला. तिने पट्टा सोडला नाही. पट्टा वळला, तशी तीही वळली. ट्रक गेला, डोळे निवळले, तर गाडी धान्याच्या कोठाराबाहेर, ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर उभी!

काट्यावर कामाला असलेला लाइल गाडीच्या खिडकीतून डोकावला. लहानपणी आर्डिसच्याच बसमधून जायचा तो. "गहू आणलाय की सोयाबीन?"

"दोन म्हाताऱ्या," व्हर्ना म्हणाली. "वाळवून ठेवलेल्या."

व्हर्नाच्या पोटात हे राहणार थोडंच? पत्त्यांच्या टेबलावर तिने सगळं रंगवून सांगितलं. आर्डिसचे कान लाल झाले. सगळे हसले, ऐंशीचा क्लिफर्ड मात्र हसला नाही. त्याने हातातले पत्ते पालथे ठेवले.

"मी तर उजेड असतानाच येतो. दोन तास बाहेर गाडीत बसतो, कुणाला कळू नये म्हणून."

"अय्या!" चौथी भिडू आयनेझ म्हणाली. "आणि मी घरी जाताना एखाद्या ट्रकचे मागचे लाल दिवे धरून जाते. परवा त्याच्यामागे पार पुढच्या गावात पोचले."

म्हणजे गाडी चालवणारे तिघंही घाबरत होते आणि तिघंही एकमेकांपासून लपवत होते! त्याच टेबलावर ठरलं, पुढच्या गुरुवारपासून डाव दुपारी एकला.

आर्डिस डोळ्यांच्या डॉक्टरकडेही गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

"कधीपासून त्रास होतोय?" डॉक्टरने विचारलं.

"मला कुठे? व्हर्नाला होतोय, गाडीत बसल्यापासून."

मार्चमध्ये एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, एप्रिलमध्ये दुसऱ्याचं. मग एका संध्याकाळी ती एकटीच हमरस्त्यावर चक्कर मारून आली. समोरचे दिवे आता नुसते दिवे होते, दोन-दोन, गोल. घरी येताच तिने व्हर्नाला फोन लावला.

"डाव पुन्हा संध्याकाळी ठेवायचा का गं?"

"मुळीच नाही," व्हर्ना म्हणाली. "दुपारी आयनेझने भाजून आणलेला ॲपल-पाय गरम मिळतो."