खराद्याच्या परसातली तार

वरोऱ्याचं ते प्रकरण अजून जसंच्या तसं माझ्या डोळ्यासमोर आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला दम निघत नाही. वरोरा चंद्रपूर जिल्ह्यात, तेव्हा त्याला चांदा म्हणायचे. मी नवा फौजदार, अंगावरच्या खाकीची कडक इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. गावात वीज येऊनही फार काळ झाला नव्हता. ज्याच्या घरी दिवा, त्याच्याकडे लोक मुद्दाम पाहायला जात.

उन्हाळ्यात एका दुपारी एक माणूस ठाण्यात आला, डायरीवरच्या जमादाराला टाळून सरळ माझ्या टेबलाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "साहेब, आमच्या शेजारच्या खराद्यानं लहान भावाले करंट लावून मारलं. चाला लवकर, नाई तं तो सारं साफ करून टाकीन."

मी सायकल काढली. वाटेत त्यानं बाकीचं सांगितलं. खरादी म्हणजे लाकूड फिरवून पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब करणारा. त्यानं परसाच्या पार टोकाला टिनाचा कारखाना टाकला होता आणि घरातून तिथवर तार ओढून मोटर बसवली होती. लहान भाऊ कापसाच्या प्रेसमध्ये कामाला, जिथं कापूस दाबून गठाणी बांधतात. कारखान्यानं परस खाल्लं म्हणून दोघांचं वाजायचं. 'माह्या कारखान्यात पाय ठेवशीन तं जिता नाई सोडणार,' असं मोठा बोललेला अख्ख्या आळीनं ऐकलं होतं.

प्रेत परसातच, डहाळ्यांच्या हिरव्या मांडवाखाली, चिखलात. उजव्या तळव्यावर काळी आडवी रेघ, बाजूला पिळलेलं ओलं धोतर. मी वर पाहिलं. घराच्या भिंतीतून रबराची तार निघून मांडवाच्या बांबूंवरून कारखान्याकडे गेलेली. धोतर वाळत घालायला आलेला माणूस दिसतोय, पण दोरी कुठाय? खांबाला दोरी घासल्याची ताजी खूण होती, दोरी नव्हती. झालं, माझी शंका पक्की! कारखान्यात भुशाचा ढीग उपसला, तर आत लोखंडी तारेचं वेटोळं निघालं. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, करायला आलो होतो. परतलो तो खुनाचा आरोपी घेऊन.

खराद्यानं फारसं तोंडच उघडलं नाही. तार कोणी काढली? "मी." काऊन, म्हणजे का? गप्प. भुशात कोणी लपवली? "मी." काऊन? पुन्हा गप्प. जमादारानं त्याला सरळच सांगितलं की बाबा, फाशी होते याच्यात. त्यानं नुसती मान हलवली. निर्दोष माणूस ओरडतो, शपथा घेतो, असं मी तोवर पाहिलेलं. हा तर खुशाल बसलेला. मला त्याचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी मेलेल्याची बायको ठाण्यात आली. मला वाटलं, जबाब द्यायला आली. तिनं पदराखालून भाकरीचं फडकं काढलं. "भासऱ्याले द्या. कालपासून उपाशी असतीन."

भासरा म्हणजे थोरला दीर. मी चाट पडलो. म्हटलं बाई, ज्यानं तुझा नवरा मारला त्याला भाकर?

"ते काऊन मारतीन? बोलत नोहते, पण पोळा-दिवाळीले एकाच ताटात जेवत दोघं." मग ती आपोआपच सांगत सुटली. दर उन्हाळ्यात मांडव तिचाच नवरा घालायचा. जांभळाचे डहाळे आणायचे, पळसाच्या मुळांच्या दोरानं बांधायचे. "यंदा प्रेसातून गठाणीची तार आणली होती यायनं. म्हणे, वावटळ आली तरी हालणार नाई. उरली त्याची कपड्यायले दोरी केली. काल सकाळीच बांधला जी मांडव. मी वरून पाणी मारून गारगार करून ठेवला होता."

मी मधेच उठलो. वरोऱ्यात कापसाच्या गठाणीची तार घरोघरी! फाटक त्याच तारेनं बांधतात, खाट त्याच तारेनं बांधतात. म्हणजे भुशातलं वेटोळं ही बाईनं सांगितलेली कपड्यांची दोरीच. विजेच्या वायरमनला घेऊन मी परसात पोचलो, मेन स्विच बंद करवला आणि मांडवावर चढलो. डहाळ्यांखाली आवळलेल्या गठाणीच्या तारेचा एक तुकडा अजून तिथंच होता. त्याचं पिळलेलं टोक रबर फोडून थेट आतल्या तांब्यात घुसलेलं. भुशातल्या वेटोळ्याचं तुटकं टोक त्या तुकड्याशी जुळलं. कपड्याची दोरी आणि मांडवाची गाठ, तार एकच होती.

कोठडीत जाऊन मी त्याला हे सांगितलं. तेव्हा तो पहिल्यांदा रडला. "घरातलं बटन मी दाबलं साहेब, मोटर चालू कराले. तेवढं माह्या नावावर लिवा. पाण्याचं नोका लिवू. तार जागेवर सापडली असती तं मांडवाचं निघालं असतं, अन् मांडवाचं निघालं तं पाण्याचं. तिनं मारलेल्या पाण्यानं खाली सारा चिखल होता. भावाच्या बायकोले समजलं तं ते पोरगी जगन काय?"

पाण्याचं लिहावं लागलंच. पंचनामा तसाच असतो. पण तो सुटला त्या दिवशी ती ठाण्याच्या दारात उभी होती आणि तिनं मला विचारलंच. "साहेब, जमीन कोरडी असती तं वाचले असते काय?"

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "नाई. तारच तशी होती." माझ्याकडे पाहून म्हणाला, "हो ना साहेब?"

वायरमननं मला वेगळं सांगितलं होतं. मी हो म्हणालो. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्याच्या मागं चालू लागली.

पुढं एटापल्लीपासून नागभीडपर्यंत नोकरी केली, खुनी पाहिले, साव पाहिले. गप्प बसलेला माणूस समोर आला की पोलीस विचारतो, काय लपवतोस? त्या उन्हाळ्यानंतर मी आरोपीसाठी चहा मागवायचो, समोर बसायचो आणि आधी विचारायचो, कोणासाठी गप्प आहेस? पुष्कळदा उत्तर यायचं नाही. पण डोळे कुठल्यातरी एका दिशेला वळायचे, आणि माझा तपास तिथून सुरू व्हायचा.