विन्याच्या कयाकचा वासा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझी विडीसुद्धा लपत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण आता पचत नाही.

माझा सुतारकामाचा कारखाना आहे, मांडवीच्या किनाऱ्यापासून जवळच. धाकटा भाऊ विन्या जहाजावर होता, इंजिनात. नोकरी सोडून घरी आला आणि म्हणाला, पडवीत लाकडाची कयाक बांधणार, एकट्याने वल्हवायची निमुळती होडी. लाकडातलं ओ की ठो कळत नाही — आणि कयाक! मी हसलो. पण आप्पा? आमचे वडील माझ्या कारखान्यात कधी घटकाभर टेकले नाहीत, ते खुर्ची ओढून विन्याचे नकाशे बघत बसायला लागले. दारं-खिडक्या करणाऱ्याचं कौतुक कोणाला असतं हो? सरळ सांगतो — जळलो मी.

कयाक बांधायला आधी खाली एक लांब, सरळ वासा लागतो. त्याच्यावर साचे उभे करायचे, साच्यांवर पट्ट्या बसवायच्या. काम झालं की वासा काढून टाकतात. पण मध्येच तो पिळला, की होडीही पिळते.

"दादा, वासा तूच निवड. तुझी नजर म्हणजे ओळंबा," विन्या म्हणाला.

कारखान्यात जुना सागवानी वासा पडलेला होता, खडखडीत सुका. विन्याने नेमका त्याच्यावरच हात ठेवला. तो गिऱ्हाइकाचा आहे, मी म्हटलं. कुठलं गिऱ्हाईक? कोणी नव्हतं. मी नुकताच कापलेला फणसाचा वासा काढला, रंधा मारून सरळ केला आणि दिला. ओला होता. पडवीच्या पत्र्याखाली सुकताना पिळणार, हे मला कळत नव्हतं? माझा धंदाच तो.

मोठा म्हणून त्या वाशाला हळदकुंकू मीच लावलं. नारळही मीच फोडला. आप्पा हात जोडून उभे होते.

मग रोज चहाच्या निमित्ताने जायचो. एके दिवशी पीळ दिसला — मला दिसला, त्याला नाही. तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? मी म्हटलं, "झकास चाललंय रे!"

मांडवीला कयाक पाण्यात उतरवली, तर सारखी डावीकडे ओढायची. वल्हं मारून मारून विन्या घामाघूम. किनाऱ्यावरचे लोक हसले. आप्पा घरी निघाले. आणि मला — बरं वाटलं. होय, बरं वाटलं. तो वासा मी दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या चुलीत घातला.

कयाक आता पडवीत उलटी टांगलेली असते. विन्याने पुन्हा लाकडाला हात लावला नाही. परवा एका पाहुण्याने विचारलं तेव्हा म्हणाला, "दादाने वासा अगदी सरळ दिला होता हो. माझाच हात वाकडा."

मी समोरच बसलो होतो. बशीतले पोहे संपवले, आणखी वाढून घेतले.