सुटलेला गोंद

देऊळगाव राजाजवळच्या एका कारखान्यात मी गाड्यांच्या दरवाजांचा गोंद तपासायचे. दरवाजाचे आतले-बाहेरचे पत्रे गोंदाने चिकटवून भट्टीतून काढत, म्हणजे गोंद पिकून कडक होई. त्यांच्यासोबत त्याच गोंदाने चिकटवलेल्या नमुन्याच्या पट्ट्याही भट्टीतून जात. त्या मी मशीनवर ओढून तोडायचे. पिकलेला गोंद तुटला की दोन्ही पट्ट्यांना चिकटून राहतो. कच्चा असला तर सालीसारखा सुटतो.

त्या दिवशी तोडलेल्या पाचही पट्ट्या सालीसारख्या सुटल्या. भट्टीवरच्या काकांना विचारलं, तर सकाळी भट्टी मध्येच थंड पडली होती म्हणाले. त्यांनी साहेबांना तेव्हाच सांगितलं होतं.

साहेब पुण्याचे. दरवाजे न्यायला ट्रक दारात उभा होता. नव्या पट्ट्या लॅबच्या छोट्या ओव्हनमध्ये नीट भाजा आणि त्यांचा आकडा लिहा, असं त्यांनी मला सांगितलं. त्या पट्ट्या या दरवाजांच्या नाहीत, मी म्हटलं. ते हसले.

"तुमच्या घरी कार आहे का मॅडम? मग एवढी काळजी कशाला?"

माझ्या कानशिलात रक्त चढलं. शुद्ध बोलायचं भान राहिलं नाही.

"गाडीत कोन बसन ते मले मालूम नाही, सर. गोंद सुटून राह्यला, एवढं दिसते मले."

त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला माल पास म्हणून सही करायला लावली. तिने माझ्याकडे न बघता केली. तिचाही राग आला, अजूनही येतो.

मी पिवळा पेंट मार्कर घेतला आणि थेट माल ठेवतात तिथे गेले. एकेका दरवाजाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात 'बाद' लिहीत सुटले. घाईत अक्षरं वेडीवाकडी येत होती. थोड्या वेळाने पलीकडच्या रांगेतून मार्करचा आवाज आला. काका लिहीत होते. निवृत्तीला वर्ष उरलेला माणूस.

"काका, तुमी जा," मी म्हटलं.

"लिह तू," ते म्हणाले.

ट्रक रिकामा गेला. दुसऱ्या दिवशी दरवाजे पुसून पुन्हा भट्टीत घातले. चाळीस मिनिटांत गोंद पिकला, सोबत घातलेल्या उरलेल्या पट्ट्या पास झाल्या. फक्त चाळीस मिनिटं! तेवढ्यासाठी त्या माणसाने माझं घर काढलं होतं.

काकांना काही झालं नाही. मला मात्र स्टोअरमध्ये पाठवलं, बोल्ट मोजायला. लॅबमध्ये आता ती सही करणारी मुलगी बसते.